एका झाडाने भागत नाही

[गच्ची. सकाळचं ऊन. लोखंडी मांडणीवर कुंड्यांच्या ओळी.]

नाशिकच्या कॉलेज रोडला लागून असलेल्या एका इमारतीची ही गच्ची. पाण्याच्या टाकीशेजारी लोखंडी मांडणी, वर हिरवी शेडनेट. खालच्या कुंड्या बघून वर येणारा जवळपास प्रत्येक पाहुणा म्हणतो, “अरे वा, किती कॅक्टस!” घरच्या ताई हसतात आणि एक कुंडी त्याच्या हातात देतात. कॅक्टस इथे मोजकेच आहेत. बाकी सगळे युफोर्बिया.

काटे नीट बघितले तर फरक कळतो. कॅक्टसचे काटे एका लोकरी ठिपक्यातून झुपक्याने निघतात. युफोर्बियाच्या बऱ्याच जातींत ते जोडीजोडीने येतात. काही जातींत तर तो मुळात काटाच नसतो. हा युफोर्बिया हॉरिडा पाहा. अंगावर दिसणारे लांब, कडक काटे म्हणजे फुलांचे देठ आहेत. फूल गळलं, देठ वाळून टणक झाला आणि झाडाने तोच राखणीला ठेवला.

दुसरी खूण चिकाची. सुई टोचली की पांढरा चीक भळभळतो. पण मॅमिलारियासारख्या काही कॅक्टसनाही दुधी चीक असतो, म्हणून एकट्या चिकावर विसंबू नये.

कॅक्टसचं घराणं जवळपास सगळं अमेरिकेतलं. मांसल युफोर्बिया प्रामुख्याने आफ्रिका, मादागास्कर आणि अरबस्तानाच्या बाजूचे. दोघांचं नातं लांबचं, पण दुष्काळाने दोघांना सारखंच घडवलं. युफोर्बिया या एकाच प्रजातीत सुमारे २००० जाती आहेत. नाताळात विकायला येणारी लाल पॉइन्सेटिया त्यातलीच, आणि या गच्चीच्या फरशीच्या फटीत उगवलेली, आपण रोज उपटून टाकतो ती दुधीसुद्धा त्यातलीच.

[जवळून: करड्या-हिरव्या रंगाचं गोल झाड, तळहाताएवढ्या कुंडीत.]

हा युफोर्बिया ओबेसा. अंगावर आठ उभ्या धारा, राखाडी झाक असलेला हिरवा रंग, त्यावर जांभळट आडवे पट्टे. प्रत्येक धारेवर बारीक गाठींची रांग आहे, जुनी फुलं जिथून गळली त्या या खुणा. क्रिकेटच्या चेंडूवरची शिवण जशी दिसते, अगदी तशी ती दिसते. काटा एकही नाही.

ओबेसा मूळचा दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्टर्न केप प्रांताचा. ग्रेट कारू नावाच्या कोरड्या पठारावर, ग्राफ-रेनेट गावाच्या परिसरात, खडकाळ जमिनीत आणि खुरट्या झुडपांच्या आडोशाला तो वाढतो. रंग असा की दोन पावलांवरूनही खडीत वेगळा दिसू नये. १९०३ साली जोसेफ डाल्टन हूकर यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं आणि त्याच्यावर संग्राहकांच्या उड्या पडल्या. हौशी लोकांनी आणि व्यापाऱ्यांनी इतकी झाडं उपटून नेली की जन्मस्थानीच तो दुर्मीळ झाला.

उपटलेल्या झाडांची जागा त्याला लवकर भरून काढता येत नाही. वाढ संथ. बुडाशी फुटवे येत नाहीत, त्यामुळे पिल्लू काढून दुसरी कुंडी भरायची सोय नाही. एका फळात जास्तीत जास्त तीन बिया. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नराचं झाड वेगळं, मादीचं वेगळं.

माझ्या मते दुर्मीळ झाडांचा संग्रह बघायला गेल्यावर हेच विचारावं. नावं किती जमवली हे राहू द्या, यातली किती झाडं बी देतात? एकटा ओबेसा कितीही देखणा असला, कितीही महाग मिळाला असला, तरी त्याच्यानंतर त्याचं काही उरत नाही. नाशिकमध्ये असे एकेकटे ओबेसा बऱ्याच गच्च्यांवर आणि खिडक्यांत बसलेले आहेत. कुणाकडे नर, कुणाकडे मादी, आणि पुष्कळांना आपल्याकडे काय आहे हेच ठाऊक नसतं. फुलं आल्याशिवाय ते कळतही नाही, आणि बियांपासून वाढवलेलं रोप फुलावर यायला काही वर्षं जातात.

[फोनच्या पडद्यावर संदेश: “काका, तुमचा नर फुलला का? माझ्या दोन्ही माद्या तयार आहेत.”]

हा निरोप ताईंचा. इंदिरानगरच्या काकांचा नर दर उन्हाळ्यात इथे येतो. पुठ्ठ्याच्या खोक्यात, भोवती वर्तमानपत्र कोंबून, स्कूटरवर पायांपाशी ठेवून.

आता कॅमेरा जितका जवळ नेता येईल तितका नेऊया. झाडाच्या डोक्यावर, धारा जिथे एकत्र येतात तिथे, ज्वारीच्या दाण्याहून लहान फुलं आहेत. नराच्या फुलांतून पिवळी भुकटी बाहेर आली आहे. मादीच्या फुलातून तीन फाट्यांची कुक्षी वर डोकावते. उन्हं जरा चढली, पराग कोरडा झाला, की ताई चित्रकलेचा सगळ्यात बारीक ब्रश घेतात. नराच्या फुलांवरून तो हलकेच फिरवायचा, टोकाला पिवळा रंग दिसला पाहिजे. मग तेच टोक मादीच्या कुक्षीला टेकवायचं. हे सलग काही दिवस करायचं, कारण सगळी फुलं एकदम तयार होत नाहीत.

फळ धरलं की डोक्यावर तीन कप्प्यांची हिरवी बोंडं दिसू लागतात. ती फुगतात, वाळतात आणि एके दुपारी टचकन फुटतात. बी उडून पार कठड्यापलीकडे जाऊ शकतं. म्हणून बोंड पिकायच्या आधीच झाडावर पातळ जाळीची पोटली चढवायची, लग्नात बदाम-खडीसाखर देतात ना, तीच. नाडी झाडाच्या बुडाशी आवळायची. बोंड फुटलं की बी आतच राहतं.

इथे एक दक्षता फार लोक घेत नाहीत आणि त्याचा त्रास पुढच्यांना होतो. ओबेसा आणि त्याचा भाऊबंद युफोर्बिया मेलोफॉर्मिस यांचा संकर सहज होतो. मांडणीवर दोघं शेजारी असतील तर मुंग्या आणि माश्या आपलं काम करतात, आणि त्या बियांतून येणारी रोपं ओबेसा म्हणून विकली जातात. म्हणून ज्या मादीचं बी धरायचं ती फुलात असताना झाकून ठेवायची. रोपाच्या पट्टीवर नर कुणाचा, मादी कुणाची आणि साल, एवढं लिहायचं. या गच्चीवरच्या पट्ट्या पेन्सिलने लिहिलेल्या आहेत. मार्करची शाई उन्हात उडून जाते, पेन्सिल टिकते.

[द्राक्षबाग, दिंडोरी रस्ता. मग पुन्हा गच्ची.]

सगळ्यांना बियांचा रस्ता मिळत नाही. एथिओपियाच्या ओगाडेन भागातला युफोर्बिया पिसिडर्मिस, अंगभर पांढरट खवले असलेला. अब्द अल कुरी या येमेनच्या बेटावरचा युफोर्बिया अब्देलकुरी, वितळून थिजल्यासारख्या करड्या खांबांचा. अशी झाडं आपल्या पावसाळी हवेत स्वतःच्या मुळांवर टिकवणं फार अवघड. त्यांना खुंट द्यावा लागतो, म्हणजे दुसऱ्या चिवट झाडाच्या मुळांवर त्यांचं कलम करावं लागतं.

खुंटाचं तंत्र नाशिककरांना शिकवायची गरज नाही. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत डॉगरिज जातीच्या खुंटावर कलम भरलं जातं, आणि त्या कामात हात बसलेली माणसं गावोगाव आहेत. युफोर्बियाच्या कलमात फक्त चिकाची अडचण वाढते. खुंटाचा शेंडा कोवळा असतो तिथे धारदार पात्याने आडवा काप घ्यायचा. चीक उसळतो. त्यावर पाण्याचा फवारा मारायचा, टिपून घ्यायचं, चीक थांबेपर्यंत पुन्हा मारायचा. वरच्या झाडाचंही तेच. मग दोन्ही कापांच्या मधली, रस वाहून नेणारी कडी एकमेकींना टेकेल अशा बेताने तुकडा बसवायचा, वरून रबर बांधायचे आणि कुंडी सावलीत ठेवायची. खुंट मात्र युफोर्बियाचाच लागतो, कॅक्टसवर ही कलमं लागत नाहीत.

इथे खुंट म्हणून वापरलाय तो साधा निवडुंग, युफोर्बिया नेरीफोलिया. आपल्याकडे बांधावर, कुंपणाला असतो तोच. बाजारात रंगीत पंख्यासारखी जी कलमं मिळतात, तीही बहुधा यावरच बांधलेली असतात.

चिकाबद्दल स्पष्टच सांगतो. काम करताना हातमोजे आणि चष्मा हवाच. कातडीला लागला तर साबणाने धुवायचा. डोळ्यात गेला तर भरपूर पाण्याने डोळा धुवत राहायचं आणि तडक डॉक्टर गाठायचा, संध्याकाळपर्यंत वाट बघायची नाही. मोरोक्कोच्या युफोर्बिया रेझिनिफेरामध्ये रेझिनिफेराटॉक्सिन नावाचं द्रव्य आहे, मिरची तिखट करणाऱ्या कॅप्सेसिनच्या सुमारे हजारपट जहाल. वेदना थांबवण्याचं औषध म्हणून त्याच्यावर संशोधन चालू आहे. आपल्या आयुर्वेदातही स्नुही म्हणजे निवडुंगच. भगंदरावर वापरतात त्या क्षारसूत्राच्या दोऱ्याला स्नुहीच्या चिकाचे लेप देतात. पण ते वैद्याचं काम, गच्चीवरचं नव्हे.

नाशिकची हवा या झाडांना एकंदरीत मानवते. उन्हाळा कोरडा, रात्री पारा उतरतो. खरी परीक्षा जुलै-ऑगस्टची. ऊन नाही, हवा दमट, मुळं ओली. तेव्हा वर पारदर्शक कागद हवा आणि बाजू मोकळ्या हव्यात. माती अशी की पाणी ओतलं की लगेच खालून निघालं पाहिजे. ताई चाळलेला मुरूम, क्रशरवरची बारीक खडी आणि थोडं कुजलेलं शेणखत वापरतात. शेतातली काळी माती चिमूटभरही नाही. प्युमिस या हलक्या ज्वालामुखी दगडाच्या परदेशी पिशव्यांवर पैसे घालवण्याआधी आपला मुरूम वापरून बघावा, असं मी आग्रहाने सांगेन. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या सुरू झाल्या की पाणी बंद. सोमालिया-एथिओपियाकडची झाडं थंडीत ओली राहिली तर आतून कुजतात, आणि वरून कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो.

[जुनं, वेडंवाकडं झाड. बुडाशी खरबरीत साल.]

हे चित्र विक्रीच्या जाहिरातीतलं आहे. बुडाला खरबरीत तपकिरी साल, एका बाजूला चेपलेलं अंग, जनावरांनी खाल्ल्याच्या जुन्या खुणा, तोडलेली जाड मुळं. खाली लिहिलंय, ‘जुनं स्पेसिमेन’. अशा खुणा एकत्र दिसल्या की झाड रोपवाटिकेत वाढलेलं नाही, डोंगरातून उपटून आणलेलं आहे, असा संशय घ्यायला जागा असते. बियांपासून वाढलेलं झाड सहसा नितळ, सारख्या अंगाचं असतं.

जगभरातल्या मांसल युफोर्बियांचा व्यापार साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराखाली येतो. भारत १९७६ पासून त्याचा सदस्य आहे. मादागास्करचे फ्रान्स्वाई, डेकारी, सिलिंड्रिफोलिया असे काही तर सर्वांत कडक अशा पहिल्या परिशिष्टात आहेत. परदेशातून रोप मागवायचं तर आयात परवाना लागतो, तिकडचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. कागद नसलेलं झाड कुणी ‘पार्सलमध्ये लपवून पाठवतो’ म्हणाला, तर ते घेऊ नये. त्या पैशांवरच पुढचं झाड उपटलं जातं.

[डोंगरउतार, फेब्रुवारी. जळालेलं गवत. जमिनीलगत लालसर फुलांचा झुबका.]

आणि आता आपल्याच सह्याद्रीत या. पाचगणीच्या पठाराचं नाव घेतलेला युफोर्बिया पंचगनीएन्सिस, खंडाळ्याचं नाव घेतलेला खंडालेन्सिस. दोघंही जमिनीखाली कंद करून राहतात. उन्हाळ्याच्या तोंडावर, गवत वाळलेलं असताना, पान नसताना थेट जमिनीतून फुलतात. पानं पावसात येतात. ही झाडं जगात फक्त पश्चिम घाटाच्या परिसरात आहेत. सड्यावरून गाडी गेली, सपाटीकरण झालं, की कंद गेला, आणि गेला हे कुणाला कळतही नाही, कारण वर्षातले कित्येक महिने तो वरून दिसतच नाही. नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगरावरच्या सेरोपेजिया या दुर्मीळ वनस्पतीचं उदाहरण आपल्यासमोर आहे. घराणं वेगळं, पण तीही कंदावर जगणारी. २००६ साली शास्त्राने तिला नाव दिलं, ते याच डोंगराचं.

या कंदांना गच्चीवर आणू नका. फोटो काढा, जागा वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकांना कळवा, समाजमाध्यमांवर नेमकं ठिकाण टाकू नका. ओबेसाचं काय झालं ते आपण आत्ताच पाहिलं.

[पुन्हा गच्ची. ट्रेमध्ये बारीक खडी, त्यावर मोहरीपेक्षा किंचित मोठं बी.]

ओबेसाचं बी ताजं असतानाच पेरलेलं बरं. बारीक खडीवर ठेवायचं, वरून अगदी पातळ थर, ट्रेवर पारदर्शक झाकण, आणि सावलीत उबदार जागा. पहिली टोकं साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत दिसतात. झाकण हळूहळू उघडायचं. यंदाची रोपं, झाडं एकमेकांना उसनी देणाऱ्या आमच्या हौशी लोकांच्या गटात वाटली जातील. अट एकच, फुलावर आली की नर की मादी ते कळवायचं आणि उन्हाळ्यात झाड उसनं द्यायला नाही म्हणायचं नाही.

अजून एक शोध बाकी आहे. ताईंकडे युफोर्बिया बुप्लुरिफोलिया आहे, छोट्या अननसासारखं दिसणारं, वाढवायला कठीण, आणि तेही नर-मादी वेगळं असलेलं. ही मादी आहे. फुलते, पण फळ धरत नाही. नाशिकमध्ये, ओझरला, सिन्नरला, कुठेही कुणाकडे बुप्लुरिफोलियाचा नर असेल तर आम्हाला कळवा. न्यायला आम्ही येऊ, आणि फुलं संपली की परत आणून देऊ.