एक मे आणि सप्टेंबरचा सोमवार

मित्रहो, कामगार दिनाचा विषय निघाला की आपण १८८६ च्या शिकागोपासून सुरुवात करतो, आणि ते योग्यच आहे. पण ज्या अमेरिकेत एक मेचा जन्म झाला तिथेच कामगारांची सरकारी सुट्टी मे महिन्यात नसून सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी असते, ही गोष्ट मला नेहमीच अधिक बोलकी वाटत आली आहे.

यांपैकी सप्टेंबरची कथा आधीची. ५ सप्टेंबर १८८२ रोजी, मंगळवारी, न्यूयॉर्कमधील कामगार संघटनांनी मिरवणूक ठरवली होती. सुट्टी कोणी दिलेली नव्हती. यायचे असेल त्याने दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडून यायचे होते. सकाळी मोजकीच माणसे जमली, बघ्यांकडून टोमणे येऊ लागले आणि मिरवणुकीचे प्रमुख विल्यम मॅककेब यांना बेत रद्द करण्याचा सल्लाही मिळाला. तेवढ्यात निरोप आला की नेवार्कचे दोनशे दागिने घडवणारे कारागीर फेरीबोटीने येऊन पोहोचले आहेत, आणि त्यांच्याबरोबर बँड आहे! बँड वाजू लागला, लोक मागून सामील होत गेले आणि संख्या दहा हजारांच्या घरात गेली. ही कल्पना मूळची पीटर मॅकग्वायर या सुताराची की मॅथ्यू मॅग्वायर या यंत्रकामगाराची, हा वाद आजही मिटलेला नाही. आडनावांनी त्यात भरच घातली आहे.

एक मेची मागणी मात्र सुट्टीची नव्हतीच, ती आठ तासांच्या दिवसाची होती. १ मे १८८६ पासून कामाचा दिवस आठ तासांचाच धरला जावा, असा ठराव संघटनांच्या महासंघाने १८८४ मध्येच केला होता. ठरलेल्या दिवशी लाखो कामगारांनी काम थांबवले. ३ मे रोजी शिकागोच्या मॅकॉर्मिक कारखान्याबाहेर पोलिसांनी गोळीबार केला; दुसऱ्या दिवशी हेमार्केट चौकात निषेध सभा झाली. स्वतः महापौर सभा ऐकून, सारे शांत आहे असे पाहून निघून गेले होते, पावसाच्या चिन्हांमुळे गर्दीही पांगत होती, आणि त्याच वेळी पोलिसांची तुकडी येऊन तिच्यावर बाँब पडला. तो कोणी फेकला हे कधीच सिद्ध झाले नाही. तरी आठ जणांना दोषी ठरवून चौघांना ११ नोव्हेंबर १८८७ रोजी फाशी देण्यात आली. त्यानंतर १८८९ च्या पॅरिसमधील आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेने एक मे जगभर पाळण्याचे ठरवले.

आता पुन्हा अमेरिकेकडे. १८९३-९४ मध्ये रेल्वेचे डबे बनवणाऱ्या शिकागोच्या पुलमन कंपनीने मजुरी सुमारे चतुर्थांशाने कापली, पण ज्या घरांत कामगार राहत होते आणि जी कंपनीच्याच मालकीची होती, त्यांचे भाडे मात्र जराही उतरवले नाही. संप पेटला आणि रेल्वे ठप्प झाली. राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँड यांनी २८ जून १८९४ रोजी सप्टेंबरच्या सुट्टीच्या कायद्यावर सही केली, आणि आठवडा उलटण्याच्या आत त्याच सरकारचे सैन्य शिकागोत उतरले. हेमार्केटच्या तिघा कैद्यांना आदल्या वर्षी माफी देणारे इलिनॉयचे, म्हणजे शिकागो ज्या राज्यात आहे तिथले, राज्यपाल आल्टगेल्ड यांनी त्याला विरोध केला, तो ऐकला गेला नाही. ३ सप्टेंबर रोजी ही सुट्टी नव्या कायद्याने प्रथम आली, तेव्हा पुलमनचा संप मोडलेला होता, आणि कामावर परतलेल्यांकडून आपण युनियनमध्ये जाणार नाही असे लिहून घेतले गेले होते.