तिसरी प्रत

१९९६ साली अमेरिकेत ऑक्सीकॉन्टिन ही ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीची, व्यसन लावू शकणारी वेदनाशामक गोळी बाजारात आली. गोळी देशभर एकच, पण ती लिहून देण्याची रीत राज्यागणिक वेगळी.

कॅलिफोर्निया, टेक्सस, न्यूयॉर्क, इलिनॉय आणि आयडाहो. या पाच राज्यांत अशा औषधाची चिठ्ठी तीन प्रतींत लिहावी लागे. एक प्रत डॉक्टरांकडे, एक औषधाच्या दुकानात आणि तिसरी थेट सरकारदरबारी. आपण लिहिलेलं कुणीतरी तपासणार, एवढ्या जाणिवेनंच डॉक्टरांचा हात आखडता राहायचा. कंपनीनंही इथं प्रचाराचा जोर कमी ठेवला. पुढची कित्येक वर्षं ओव्हरडोसचे मृत्यू या राज्यांत इतरांपेक्षा सावकाश वाढले. एका जादा कागदानं इतके जीव वाचावेत, याचं मला अजून नवल वाटतं.

आणि बाकीकडे? २०१२ साली अलाबामात दर १०० माणसांमागे ओपिऑइडच्या १४३ चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या. तान्ही बाळं धरूनही माणशी एकाहून जास्त! हवाईत हाच आकडा ५२. अलाबामातली माणसं काही हवाईपेक्षा जवळजवळ तिप्पट दुखणाईत नव्हती.

आता इंडियाना राज्यातल्या स्कॉट काउंटीत येऊ. काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग. गाव ऑस्टिन, वस्ती जेमतेम ४,२००. इथं ओपाना नावाची वेदनाशामक गोळी विरघळवून लोक शिरेत टोचून घेत. नव्या सुईची मारामार, म्हणून एकच सुई घरातल्यांच्या, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हातांतून फिरायची. टोक बोथट झालं तरी तीच. आधी अख्ख्या काउंटीत वर्षाकाठी एचआयव्हीचे पाच रुग्णही सापडत नसत. २०१५ संपेपर्यंत ते १८० च्या वर गेले.

स्वच्छ सुया वाटणं इंडियानात तेव्हा बेकायदा होतं. २६ मार्च २०१५ रोजी गव्हर्नर माइक पेन्स यांनी आणीबाणी जाहीर करून फक्त या काउंटीपुरती परवानगी दिली. वापरलेली सुई द्या, नवी घ्या. जोडीला तपासणी, औषधोपचाराची वाट. नव्या लागणी झपाट्यानं घटल्या.

जून २०२१. हे काम चालू ठेवायचं का, हा प्रश्न काउंटीच्या तीन आयुक्तांपुढे आला. सुयांमुळे व्यसनाला खतपाणी मिळतं, असं विरोधकांचं म्हणणं. मला ते पटत नाही. सुई मिळाली नाही म्हणून तलफ थांबत नाही, हे याच गावानं भोगलं होतं.

मतदान झालं. दोन विरुद्ध एक. सुयांचं वाटप बंद करायचं ठरलं.