वाऱ्याने आलेले, जहाजाने आलेले

1883 च्या ऑगस्टमध्ये इंडोनेशियातल्या सुंदा सामुद्रधुनीतल्या क्राकाटाऊ बेटावर ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला आणि बेटाचा सुमारे दोन तृतीयांश भाग समुद्रात गडप झाला. उरलेल्या भागावर तापलेल्या राखेचे आणि प्युमिस दगडांचे थर साचले. नऊ महिन्यांनी, मे 1884 मध्ये, एदमाँ कोतो हा फ्रेंच निसर्गअभ्यासक तिथे उतरला आणि सजीवांच्या शोधात फिरला, तेव्हा त्याला एक सूक्ष्म कोळी दिसला. तो एकटाच होता आणि जाळे विणण्यात गर्क होता.

हा कोळी हवेतून आला होता. कोळ्याचे पिल्लू गवताच्या किंवा फांदीच्या टोकावर चढते, पायांच्या टोकांवर उभे राहून पोट आभाळाकडे उचलते आणि रेशमाचे बारीक तंतू वाऱ्यावर सोडते. वारा तंतूंना धरतो आणि पिल्लू त्यांच्यासोबत उचलले जाते. चार्ल्स डार्विन 1832 मध्ये बीगल जहाजावर असताना, दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे शंभर किलोमीटर दूर, जहाजाच्या दोरखंडांवर असे हजारो इवलेसे तांबूस कोळी उतरलेले त्याने पाहिले होते. अशा प्रवासाला निघालेले बहुतेक जीव पाण्यात पडून संपतात. क्वचित एखाद्याला जमीन सापडते.

महासागरी बेटे समुद्रतळावरच्या ज्वालामुखींतून वर आलेली असतात आणि ती कोणत्याही खंडाला कधीच जोडलेली नव्हती. त्यामुळे तिथला प्रत्येक मूळचा कीटक, कोळी किंवा खेकडा पाणी ओलांडूनच आलेल्या पूर्वजांचा वंशज असतो: कोणी वाऱ्यावर आला, कोणी वाहत आलेल्या ओंडक्याच्या भेगेत बसून, तर कोणी पक्ष्याच्या पिसांत अडकून. हवाई बेटे सर्वांत जवळच्या खंडापासून साडेतीन हजार किलोमीटरांहून जास्त दूर आहेत. इतक्या अंतराच्या चाळणीतून फार थोडे गळून पलीकडे पोहोचले. जगभर पायाखाली सापडणारी मुंगी, तिची हवाईतली मूळची एकही प्रजाती नाही. डासही मूळचा नाही. ही गोष्ट माहीत असूनही मला दर वेळी तिचे नवल वाटते.

जे पोहोचले, त्यांना मात्र रिकामे घर मिळाले. ड्रोसोफिला माश्यांच्या मोजक्या पूर्वजांपासून तिथे शेकडो प्रजाती झाल्या. यूपिथेशिया या पतंगांच्या अळ्या इतरत्र फुले, परागकण आणि पाने खातात. हवाईतल्या त्यांच्या अनेक भाईबंदांनी शिकार पत्करली. ही अळी पानाच्या कडेला मागच्या पायांनी घट्ट धरून राहते आणि सुकलेल्या काडीसारखी ताठ, निश्चल दिसते. एखादी माशी चालत येऊन तिच्या पाठीमागच्या केसांना चुकून लागली, की अळी क्षणाच्या एका अंशात मागे वळते आणि पुढच्या टोकदार पायांनी माशीला जखडते. काही क्षणांनी ती पुन्हा काडी होते, फक्त आता तिच्या तोंडापाशी एक माशी असते. कीटकशास्त्रज्ञ स्टीव्हन माँटगोमेरी यांनी 1972 मध्ये ही शिकार पाहिली, तोवर पतंगाची अळी अशी दबा धरून बसेल हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते.

बेटावर आल्यावर काही जीवांनी ज्या पंखांनी समुद्र ओलांडला ते पंखच टाकून दिले. अटलांटिकमधल्या मदेइरा बेटांवरच्या सुमारे साडेपाचशे भुंगेऱ्यांपैकी दोनशे प्रजातींना उडता येत नाही, ही वोलस्टन या कीटकअभ्यासकाने केलेली नोंद डार्विनला फार महत्त्वाची वाटली. जोराचा वारा उडणाऱ्याला समुद्रात भिरकावून देतो आणि जमिनीला चिकटून राहणारा वाचतो, असे त्याचे म्हणणे होते. त्यावर दीडशेहून अधिक वर्षे वाद झाला. अंटार्क्टिकाभोवतीच्या वादळी बेटांवरच्या मूळच्या कीटकांपैकी जवळजवळ निम्म्या प्रजाती न उडणाऱ्या आहेत, आणि त्यांच्यावरच्या 2020 मधल्या अभ्यासाने वाऱ्याच्या बाजूने कौल दिला. मात्र त्यातली बारकाई अशी, की सतत वादळाशी झगडत उडण्याचा खर्च परवडत नाही आणि ती शक्ती पंखांऐवजी अंड्यांकडे वळते. त्यांपैकीच कर्ग्युलेन बेटावर तर पंख नसलेल्या माश्या कोबीसारख्या एका वनस्पतीच्या पानांवर चालत फिरतात. शत्रू नसताना या सवयी निभावून जातात. शत्रू जहाजातून उतरला की त्याच सवयी जिवावर बेततात.

ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला असलेल्या लॉर्ड हाउ बेटावर हेच झाले. इथे हाताच्या पंजाएवढा, जाड, चकचकीत काळा, पंख नसलेला एक काडीकिडा राहत असे; दिवसा झाडांच्या ढोल्यांत दाटीवाटीने बसून राहायचा आणि रात्री पाने खायला बाहेर पडायचा. बेटावरचे लोक त्याला झाडावरचा लॉबस्टर म्हणत आणि मासेमारीसाठी आमिष म्हणून वापरत, इतका तो मुबलक होता. जून 1918 मध्ये मकाम्बो नावाचे जहाज बेटाजवळ खडकावर रुतले आणि त्यातले काळे उंदीर किनाऱ्याला लागले. 1920 च्या सुमारास काडीकिडा दिसेनासा झाला. त्याच उंदरांनी पुढे बेटावरच्या पक्ष्यांच्या काही प्रजातीही संपवल्या, आणि पक्ष्यांच्या मृत्यूची दखल घेतली गेली. किड्याच्या बाबतीत बराच काळ कागदावरची एक नोंद तेवढी उरली.

बॉल्स पिरॅमिड हा समुद्रातून सरळ वर आलेला खडकाचा एक सुळका आहे. लॉर्ड हाउपासून तो 23 किलोमीटर दूर आहे, साडेपाचशे मीटरांहून उंच आहे आणि जवळजवळ उघडाबोडका आहे. 1964 मध्ये गिर्यारोहकांना इथे एक मेलेला काडीकिडा सापडला. फेब्रुवारी 2001 मध्ये डेव्हिड प्रिडेल आणि निकोलस कार्लाइल या संशोधकांचे पथक इथे आले, ते खरे तर इथे किडा नाही हे एकदाचे निश्चित करण्यासाठी. उताराच्या एका खाचेत, जिथे थोडे पाणी झिरपत होते, तिथे मेलालुकाचे झुडूप वाढलेले होते आणि त्याच्याखाली ताज्या लेंड्या पडलेल्या होत्या. किडा रात्री बाहेर येतो हे ठाऊक असल्याने पथकातले दोघे अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन पुन्हा वर चढले, आणि त्या प्रकाशात त्यांना पानांवर काळी, ओलसर चमकणारी शरीरे दिसली. पुढच्या वर्षीच्या मोजणीत सगळे मिळून 24 किडे भरले. एक संपूर्ण प्रजाती त्या काळात काही मोजक्या झुडपांच्या सावलीत तगून होती.

2003 मध्ये तिथून दोन जोड्या ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवर आणल्या गेल्या. त्यांपैकी मेलबर्न प्राणीसंग्रहालयातली मादी लवकरच आजारी पडून आखडून गेली, तेव्हा कॅल्शियम आणि साखर मिसळलेल्या द्रावाचे थेंब एकेक करून तिच्या तोंडाशी धरण्यात आले आणि ती जगली. आजची हजारो पिल्ले त्या थेंबांची देणगी आहे. अंड्यातून बाहेर पडणारे पिल्लू हिरवेगार असते आणि दिवसा हिंडते; वाढता वाढता ते काळे होते आणि रात्रीचे होते. सुळक्यावरचा किडा आणि लॉर्ड हाउचा जुना किडा एकच का, याबद्दलची शंका 2017 मध्ये संग्रहालयातल्या जुन्या नमुन्यांच्या डीएनएने मिटवली. 2019 मध्ये लॉर्ड हाउवर उंदरांच्या निर्मूलनाची मोठी मोहीम झाली, ती या किड्याला घरी परतता यावे म्हणूनही होती.

उंदराचे नुकसान लवकर कळते. एखादा लहान आगंतुक मात्र अनेक दशके गप्प राहू शकतो. हिंदी महासागरातल्या ख्रिसमस बेटावर पिवळी वेडी मुंगी 1915 ते 1934 च्या दरम्यान कधीतरी आली. अस्ताव्यस्त धावण्यामुळे तिला वेडी म्हणतात. बरीच वर्षे ती कोणाच्या नजरेत भरली नाही. या बेटाचे खरे माळी म्हणजे कोट्यवधी लाल खेकडे; ते पडलेली पाने आणि उगवती रोपे खातात, म्हणून जंगलाची जमीन झाडून काढल्यासारखी मोकळी असते. पहिल्या पावसानंतर ते लाखोंच्या संख्येने समुद्राकडे निघतात.

1989 मध्ये या मुंगीची पहिली महावसाहत आढळली आणि पुढच्या दशकात अशा वसाहती जंगलभर पसरल्या. मुंगीला हे बळ दिले ते पिवळ्या लाखेच्या किड्याने, जो स्वतःही बाहेरूनच आलेला होता. हा किडा फांदीला चिकटून रस शोषतो आणि गोड, चिकट स्राव सोडतो. मुंग्यांना त्यातून अखंड साखर मिळते. खेकडा मुंग्यांच्या वाटेत आला की त्या त्याच्या डोळ्यांवर आणि तोंडावर फॉर्मिक आम्लाचे फवारे मारतात, तो आंधळा होतो आणि एक-दोन दिवसांत मरतो. अशा प्रकारे एक कोटीहून अधिक खेकडे मेले असा अंदाज आहे. खेकडे गेलेल्या ठिकाणी पालापाचोळ्याचे ढीग साचले, रोपांची दाटी झाली, पानांवर काळी बुरशी चढली, आणि ज्या आफ्रिकन राक्षसी गोगलगायींना खेकडे आत येऊ देत नसत, त्यांनाही वाट मोकळी झाली. माझ्या मते या सगळ्या हकिकतीचा गाभा मुंगी आणि लाखेचा किडा यांच्या भेटीत आहे: बाहेरून आलेला एकेक जीव मोजून धोका कळत नाही, कोणाला कोण भेटले हे पाहावे लागते.

हेलिकॉप्टरमधून विषारी आमिष टाकून वसाहती दाबता आल्या, पण त्या परत येत राहिल्या. मग ला ट्रोब विद्यापीठाच्या संशोधकांनी मुंगीऐवजी तिच्या साखरेवर घाला घालायचे ठरवले. मलेशियातली जेमतेम दोन मिलिमीटर लांबीची एक परोपजीवी गांधीलमाशी लाखेच्या या किड्याच्या अंगात अंडी घालते. तिच्यामुळे इतर कीटकांना इजा होते का, हे आधी तपासून डिसेंबर 2016 मध्ये ती बेटावर सोडण्यात आली.

हे तपासणे किती आवश्यक आहे, याचा पुरावा हवाईतल्या कौआई बेटावरच्या अलाकाई दलदलीत आहे. तिथे मूळच्या पतंगांच्या अळ्या गोळा करून, त्यांच्या अंगातून बाहेर पडणारे परोपजीवी कीटक 2001 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मोजले गेले. त्यांतले 83 टक्के, पूर्वी शेतीतल्या किडी मारण्यासाठी माणसाने मुद्दाम सोडलेल्या प्रजातींचे होते. ज्यांनी ते सोडले त्यांचा हेतू पीक वाचवण्याचा होता आणि दूरच्या त्या दलदलीचा विचार तेव्हा कोणी केला नव्हता. याउलट ताहितीत 1999 मध्ये शिरलेल्या एका रसशोषक तुडतुड्याची संख्या इतकी वाढली होती, की त्याच्या पाणचट विष्ठेचा झाडांखाली पाऊस पडे; 2005 मध्ये आणलेल्या अंडीभक्षक परोपजीवीने ती संख्या वर्षभराच्या आत नव्वद टक्क्यांहून अधिक खाली आणली.

हवाईतला डास 1826 मध्ये, माऊई बेटावरच्या लाहाइना बंदरात, वेलिंग्टन या जहाजातल्या पाण्याच्या पिंपांतून आला असे मानले जाते. त्याच्यामार्फत पसरलेल्या पक्ष्यांच्या हिवतापाने मधुपायी पक्ष्यांच्या कितीतरी प्रजाती संपवल्या, कारण डासच नसलेल्या बेटावर त्या आजाराचा प्रतिकार त्यांच्या रक्तात कधी घडलाच नव्हता. उरलेले पक्षी थंड, उंच जंगलात राहिले. हवामान तापते तसा डासही वर चढतो आहे. माऊईच्या किविकिऊ या मधुपायी पक्ष्यांची संख्या आता दीडशेहूनही कमी असावी.

2023 पासून या जंगलावर हेलिकॉप्टर घिरट्या घालते आणि मातीत कुजून जाणाऱ्या डब्या खाली सोडते. डब्यांत नर डास असतात. नर चावत नाहीत. त्यांच्या शरीरात वोल्बाकिया जिवाणूचा वेगळा प्रकार असतो, त्यामुळे त्यांच्याशी मीलन झालेल्या जंगलातल्या माद्या अंडी घालतात, पण ती उबत नाहीत. धुक्यात डबी झाडांमध्ये उतरते, आणि एकेक डास बाहेर येऊन पानांत दिसेनासा होतो.