बर्फाने सांभाळलेलं जुनं गाव

नमस्कार, श्रोतेहो. आज जाऊया अलास्काला, बेरिंग समुद्राच्या काठी. गावाचं नाव क्विनहागाक, वस्ती युपिक लोकांची, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांची.

तिथल्या म्हाताऱ्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या सांगितलेली गोष्ट आधी ऐका. दोन मुलं टोकदार बाण फेकायचा खेळ खेळत होती. एकाचा नेम चुकला आणि बाण दुसऱ्याच्या डोळ्यात गेला. नेम चुकलेल्या पोराचा बाप म्हणाला, 'माझ्याही पोराचा एक डोळा फोड, मग झाली फिटंफाट.' पण समोरचा रागाने आंधळा झालेला. त्याने दोन्ही डोळे फोडले. एकाला एक नव्हे, एकाला दोन! मग कोण कुणाला आवरणार? गावं गावांवर उठली, धनुष्यबाणांची युद्धं पेटली आणि किनाऱ्यावरचं एक गाव शत्रूंनी जाळून टाकलं.

आजीच्या गोष्टींना 'पुरावा काय' म्हणून उडवून लावणं मला मुळीच पटत नाही. रात्री गोष्ट ऐकत झोपलेलं मूल जे लक्षात ठेवतं, ते पुस्तकातून येत नाही. असो.

तर २००९ साली गावकऱ्यांनी स्वतःहून स्कॉटलंडच्या अॅबर्डीन विद्यापीठातले पुरातत्त्वज्ञ बोलावले, कारण किनारा ढासळून लाकडी वस्तू वाळूवर येऊ लागल्या होत्या. खोदलं, तर मातीचं मोठं घर निघालं. जळालेलं! आणि त्यात बाणांची टोकं. काळ साधारण १५७० ते १६७५. या जागेला म्हणतात नुनालेक, म्हणजे जुनं गाव.

लाखभर वस्तू निघाल्या: मुखवटे, बाहुल्या, गवताच्या टोपल्या, माणसांचे केससुद्धा. त्या केसांवरून कळलं की हे लोक सामन मासा, सील आणि कॅरिबू नावाचं थंड प्रदेशातलं हरीण खात. एवढं टिकलं कसं? जमीन बारमाही गोठलेली होती म्हणून. फ्रीजची वीज गेली की आत काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. तिथे आता तेच चाललंय. जमीन वितळतेय, आणि लाटा अडवणारा समुद्रावरचा बर्फही उशिरा धरतो. पुन्हा सांगते: खालून जमीन वितळते, समोरून समुद्र खातो.

२०१८ मध्ये या वस्तूंचं संग्रहालय क्विनहागाकमध्येच उघडलं. मला याचा फार आनंद वाटतो. ज्याचं त्याच्या दारात राहावं.

मग ऑक्टोबर २०२५ मध्ये हालोंग वादळाच्या उरल्यासुरल्या जोराने तिथला साठेक फूट किनारा तोडला. गावकरी वाळू तुडवत फिरले आणि हजारभर वस्तू वेचून आणल्या. खारं पाणी सुटावं म्हणून त्या गोड्या पाण्यात भिजत घातल्या.