‘मी’ म्हणजे आम्ही

मंडळी, मघाशी बालवर्गातल्या एका मुलीने विचारलं, “रशियनमधी आम्हीला ‘मी’ म्हणतात? मग मीला काय म्हणतात?” रशियन लेखक झाम्यातिनच्या ‘आम्ही’ या कादंबरीच्या मूळ नावावरून तिला हे सुचलं. रशियन ‘आम्ही’चा उच्चार आपल्या ‘मी’च्या अगदी जवळ जातो. ‘मी’ला ते ‘या’ म्हणतात. उत्तर सोपं होतं, पण प्रश्न मनातून जात नाही. सगळी कादंबरीच त्यात आहे.

येवगेनी झाम्यातिन १८८४ साली लेबेद्यान गावात जन्मला, जहाजबांधणी शिकला. १९१६ मध्ये आईसब्रेकर जहाजांच्या कामावर देखरेख करायला तो इथे इंग्लंडात, आपल्या न्यूकॅसलच्या टाईन नदीकाठी आला. राहायला इथल्याच जेसमंड भागात. इथेच त्याने एक पाद्री रंगवला, जो मोक्षाचंही वेळापत्रक आखतो. रशियात परतल्यावर १९२०-२१ मध्ये त्याने ‘आम्ही’त तसंच वेळापत्रक अख्ख्या काल्पनिक राज्याला लावलं. घरं काचेची, माणसांना नावाऐवजी क्रमांक, घास पन्नास वेळा चावायचा. स्वतःसाठी दिवसातून दोनच तास: चार ते पाच आणि रात्री नऊ ते दहा. यान बांधणारा डी-५०३ राज्याच्या गौरवासाठी ‘आम्ही’ लिहायला बसतो आणि वहीत हळूहळू ‘मी’ शिरतो. डॉक्टर निदान करतात, तुला आत्मा झालाय! उपाय म्हणजे कल्पनाशक्ती जाळून टाकणारी शस्त्रक्रिया. ती झाल्यावर तो आपल्या प्रेयसीचा छळ शांतपणे बघत बसतो. ते शेवटचं पान वाचवत नाही.

मराठीत या नावाला ‘आम्ही’च हवं, ‘आपण’ नको. ‘आम्ही’ म्हटलं की कुणीतरी भिंतीबाहेर राहतंच.

पुस्तक मायदेशी छापू दिलं नाही. १९२४ मध्ये न्यूयॉर्कला इंग्रजीत आलं. १९२७ मध्ये प्रागच्या रशियन निर्वासितांच्या नियतकालिकात काही भाग आले, त्यावरून १९२९ मध्ये त्याच्यावर झोड उठली. त्याने लेखक संघ सोडला. १९३१ मध्ये स्टालिनला पत्र लिहिलं: लिहू न देणं हा लेखकाला मृत्युदंडच आहे, मला जाऊ द्या. लेखक गॉर्कीने शब्द टाकला म्हणून सुटला. १९३७ मध्ये पॅरिसला वारला. ऑर्वेलने १९४६ मध्ये फ्रेंच अनुवाद वाचून परीक्षण लिहिलं. त्याची ‘१९८४’ ही कादंबरी त्यानंतरची. संपूर्ण रशियन पुस्तक १९५२ मध्ये निघालं, तेही न्यूयॉर्कला. मायदेशी १९८८ मध्ये. आपल्या घरी प्रगती आणि रादुगा या सोव्हिएत प्रकाशनांची ती गुळगुळीत पुस्तकं यायची ना, त्यांत हा माणूस येणं शक्यच नव्हतं.

आता थोडं रागवते. दर गणपतीत मुलांच्या हाती आपण आपलीच वाक्यं देतो. अडखळली की विंगेतून पुढचं सांगतो, आणि टाळ्याही आपणच वाजवतो. आज या मुलीने पाठ न केलेलं, स्वतःचं मराठी वाक्य उच्चारलं. लगेच तिघांनी सांगितलं, “‘मधी’ नाही बाळा, ‘मध्ये’.”

तिला अजून काही विचारायचं होतं, हात अर्धा वर गेला होता. नंतर ती बोललीच नाही. तिसऱ्या रांगेत बसली आहे.