आजीने पोरीला पुन्हा विचारलं नाही

नमस्कार श्रोतेहो. जळगाव, धुळे, नंदुरबार, जिथे कुठे रेडिओ चालू असेल तिथल्या सगळ्यांना रामराम. आज लहान मुलांवर होणाऱ्या लैंगिक अत्याचाराबद्दल बोलायचंय. घरात मुलं असली तरी रेडिओ बंद करू नका.

मूल काही सांगायला लागलं, तर त्याच्यावर विश्वास ठेवा आणि तेच तेच पुन्हा वदवून घेऊ नका. परत सांगते. विश्वास ठेवा, पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका.

एका आजीची गोष्ट सांगते. गाव तापीकाठचं, एवढंच. पोरीचं नाव सांगणार नाही, आणि अशा मुलाची ओळख कुणी उघड करू नये असं कायदाही सांगतो. पोरगी तिसरी-चौथीतली. आई केळीच्या बागेत रोजाने जाते, त्यामुळे दिवसभर आजीजवळ. गल्लीत लांबच्या नात्यातल्या काकाचं किराणा दुकान. चहापत्ती आण म्हटलं की पूर्वी पळत सुटणारी ही पोर, त्या उन्हाळ्यात दुकानाचं नाव काढलं की पोट दुखतंय म्हणायला लागली. रात्री अंथरूण ओलं व्हायला लागलं. आई वैतागली. आजीने मात्र दोन्ही गोष्टींचा मेळ घातला.

आखाजी तोंडावर आली होती. गच्चीवर खाट टाकून, तिच्यावर जुनी साडी अंथरून आजी कुरडया घालत होती आणि पोरगी शेजारी बसून वाटीतला गरम चीक खात होती. आजीने प्रश्न विचारलाच नाही. एवढंच म्हणाली, "दुकानात आता मी जात जाईन, तू नको जाऊस." थोड्या वेळाने पोरगी म्हणाली, "काका दार लावतो."

आजीने सोऱ्या खाली ठेवला नाही. कुरडई पाडतच राहिली. आपण काहीतरी भयंकर बोललो असं पोरीला वाटू नये, म्हणून. पोरीला हवं तेवढं बोलू दिलं आणि मग म्हणाली, "तुन्ही काईच चूक नई शे, माय. मी शे ना."

(हल्ली कुरडया-पापड सगळं विकतचं येतं. सोय झाली खरी, पण बाया आणि पोरं दुपारभर एकमेकांजवळ बसायची ती जागाच गेली. मला हे फार लागतं.)

संध्याकाळी आजीने आशाताईंना बोलावलं. त्यांनी 1098 ला, म्हणजे मुलांच्या मदतीच्या नंबरला, फोन केला. बाईसाहेब फौजदार साध्या साडीत घरी आल्या आणि पोरीचा जबाब घरातच घेतला. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, त्यात तशीच तरतूद आहे. बाल कल्याण समितीने मला त्या पोरीची सहायक व्यक्ती, म्हणजे खटला चालू असताना तिला आधार देणारी बाई, म्हणून नेमलं, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी भाऊबंद दारात. नेमकं काय झालं, केव्हा झालं, पोरीला बाहेर बोलवा. कुणी म्हणे, घरातलं घरात मिटवू. आजी ओट्यावर ठाण मांडून बसली. "तिले जे सांगानं व्हतं ते तिनी सांगं. आते तिले कोनी इचारानं नई." काकाची आईही त्यांच्यात होती. आजी तिच्यापुढेही हलली नाही.

आणि गल्लीतल्या बायांचं सांगायचं राहिलंच! कोर्टाची तारीख असली की पोरीच्या आईचा रोज बुडायचा. टोळीतल्या बायांनी तिच्या वाटचं काम आपसात उरकलं आणि मुकादमाला तिची हजेरी लावायला लावली. कोर्टात पडदा होता, त्या माणसाचं तोंड पोरीला बघावं लागलं नाही. पण आईचा रोज पडदा लावून वाचत नाही, तो या बायांनी वाचवला.

आता कायद्याचं थोडक्यात. पोक्सो 2012 चा, अठरा वर्षांखालच्या प्रत्येक मुलासाठी. मुलग्यांसाठीसुद्धा. मुलगा आहे, त्याला काय होतंय, असं म्हणू नका. गुन्हा कळल्यावर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, त्यामुळे पंचांनी मिटवायचा हा विषयच नाही. मुलीची तपासणी बाई डॉक्टरच करते, आईला किंवा तिच्या भरवशाच्या माणसाला जवळ ठेवून. अत्याचार झालेल्यांसाठी सरकारची मनोधैर्य योजना आहे, तिच्यातून मदत मिळते, त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा.

आणि पाहुणे आले की "जा, मामांच्या मांडीवर बस" हे बंद करा. मूल नको म्हणालं तर नको. पाहुण्याला राग आला तर येऊ द्या.

अशा घरी भेटायला गेलात तर काय झालं ते विचारू नका. भाकरी घेऊन जा, तारखेच्या दिवशी धाकट्याला सांभाळा, गुरांना पाणी दाखवा. आणि नंबर लिहून घ्या: एक, शून्य, नऊ, आठ. रात्री-अपरात्रीही लागतो, पैसे पडत नाहीत. एक, शून्य, नऊ, आठ.