कोअर महागाई: टोपलीतून काय काढायचं आणि कसं

कोअर महागाई म्हणजे तात्पुरते चढउतार बाजूला ठेवल्यावर उरणारा महागाईचा मूळ कल. ती बाजारात जाऊन मोजता येत नाही. किमती गोळा होतात त्या अख्ख्या टोपलीच्या, म्हणजे घरखर्चातल्या सगळ्या वस्तू-सेवांच्या. त्यातलं काय बाजूला ठेवायचं, हे मोजणारा ठरवतो. म्हणून कुणी ‘कोअर चार टक्के’ म्हटलं, की आधी विचारायचं: कुठली कोअर?

सगळ्यांत रुळलेली रीत वगळण्याची. अन्न आणि ऊर्जा काढायची, उरलं ते कोअर. हिशेब पोरखेळ वाटतो, पण चुका इथेच होतात. समजा अन्नाचा भार, म्हणजे पायाच्या वर्षातला टोपलीतला वाटा, ४०, बाकीचा ६०. त्या वर्षी सगळे निर्देशांक १०० धरतात. गेल्या वर्षी अन्नाचा निर्देशांक १६८ होता, एकूण १४२.२. यंदा अन्न १८०, एकूण १५०. एकूण महागाई झाली ५.५ टक्के, अन्नाची ७.१. पुष्कळ जण सरळ टक्क्यांचीच वजाबाकी करतात: ५.४९ मधून ७.१४ चे ४० टक्के वजा, भागिले ०.६. उत्तर ४.४. हे चूक आहे. वजाबाकी निर्देशांकांची करायची. प्रत्येक निर्देशांकाला त्याच्या भाराने गुणायचं. यंदा १५,००० (१५० गुणिले १००) वजा ७,२०० (१८० गुणिले ४०), भागिले ६०, म्हणजे १३०. गेल्या वर्षी १४,२२० वजा ६,७२०, भागिले ६०, म्हणजे १२५. कोअर महागाई बरोबर ४ टक्के. फरक पडतो कारण अन्न आधीच जास्त महागलेलं असल्याने गेल्या वर्षीच्या निर्देशांकात त्याचा खरा वाटा ४० नव्हे, ४७ टक्के झालेला होता.

दुसरी खोच गटांच्या नावांत आहे. भारताच्या ग्राहक किंमत निर्देशांकाच्या २०१२ पायाच्या मालिकेत ‘इंधन व दिवाबत्ती’ गट काढला तरी पेट्रोल-डिझेल वाहतुकीच्या गटात तसंच राहायचं, आणि सोनं वैयक्तिक वापराच्या वस्तूंत. सोनं उसळलं की कोअर चढते, आणि वाचणारा समजतो मागणी वाढली! वगळायचं तर गट नव्हे, वस्तू बघून वगळावं. शिवाय त्याच मालिकेत अन्न व पेयांचा भार ४५.८६ होता आणि इंधनाचा ६.८४; दोन्ही काढले की निम्म्याहून कमी टोपली उरायची. अमेरिकेत हेच केलं तर साधारण एक पंचमांश जातं. एकच शब्द, पण दोन देशांत दोन वेगळे आकडे.

दुसरी रीत नावं आधी ठरवत नाही. १९९० च्या दशकात ब्रायन आणि चेकेटी या अर्थतज्ज्ञांनी मध्यकाची बाजू मांडली. दर महिन्याला सगळ्या घटकांचे बदल चढत्या क्रमाने लावायचे, भार मोजत जायचे, निम्मा भार जिथे भरतो तो मध्यक. पाच घटक घेऊ: –३ टक्के (भार १०), १ (२०), २ (२५), ४ (३०), १२ (१५). साधी भारित सरासरी ३.४, मध्यक २. आता दोन्ही टोकांचे १५-१५ भार छाटा, ऑस्ट्रेलियाची मध्यवर्ती बँक छाटते तसे. वरचा १२ वाला घटक पूर्ण जातो. खालचा –३ वाला जातो, आणि १ टक्केवाल्याचे पाच भार कापले जातात, १५ उरतात. हा अर्धवट कापलेला घटक विसरण्याची चूक नेहमीची. उरलेल्या ७० भारांची सरासरी २.६.

छाटणीचे स्वतःचे रोग आहेत. शुल्क, भाडं यांसारखे दर वर्षातून एकदाच बदलतात: अकरा महिने शून्य, एका महिन्यात उडी. मासिक छाटणीत ती उडी दरवेळी कापली जाते आणि खरी वाढ कधी मोजलीच जात नाही. म्हणून हंगामी चढउतार घटकाच्या पातळीवर आधी काढायचे, छाटणी नंतर. दुसरा रोग अवाढव्य घटकाचा. अमेरिकेत स्वतःच्या घराचं आरोपित भाडं (तेच घर भाड्याने घेतलं असतं तर जे पडलं असतं ते) टोपलीचा सुमारे चौथा हिस्सा आहे. इतका जाड घटक वारंवार मध्यकावरच येऊन बसतो. अमेरिकी मध्यवर्ती बँकेच्या क्लीव्हलँड शाखेने, म्हणजे क्लीव्हलँड फेडने, म्हणून त्याचे प्रदेशवार चार तुकडे केले.

अप्रत्यक्ष कर वाढला तर दोन्ही रीती फसू शकतात. पातळी एकदाच उडते, पण वार्षिक दरात ती बारा महिने दिसत राहते आणि तेराव्या महिन्यात गायब होते. त्या महिन्यातली घट पाहून टाळ्या वाजवू नयेत. कराचा परिणाम वेगळा काढून दाखवावा, किंवा हंगामी चढउतार काढलेला तीन महिन्यांचा वार्षिकीकृत दर (हाच वेग वर्षभर टिकला तर होणारी वाढ) शेजारी ठेवावा.

यातली कुठली निवडायची? जुनी आकडेवारी काढा. लांब पल्ल्यात कोअर आणि एकूण महागाईची सरासरी जवळपास सारखी यायला हवी. नसेल तर माप एका बाजूला झुकलंय. मग दोघींत मोठी तफावत पडलेले महिने निवडा आणि पुढची एक-दोन वर्षं बघा. एकूण महागाई कोअरकडे परतली, तर काढलेली वस्तू खरंच तात्पुरती होती. कोअरच एकूण महागाईच्या मागे गेली, तर तुम्ही गोंगाट समजून बातमीच फेकून दिली होती. अन्नाचा भार मोठा असलेल्या देशांत ही दुसरी शक्यता आधी तपासावी, कारण तिथे अन्न महागलं की कामगार वाढीव मजुरी मागतात आणि तीच वाढ मग सेवांच्या दरांतून कोअरमध्ये शिरते.